हृदय मिळेपर्यंत बलून पंपावर किती भिस्त ठेवावी?

तुम्ही विचारलंय की वडील हृदय प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहेत, त्यांना जांघेतून बलून पंप लावलाय, तर हा पंप नेमकं काय करतो आणि त्याच्यावर किती दिवस निभावेल.

नावात पंप असला तरी हा फुगा हृदयाच्या जागी काम करत नाही. तो दमलेल्या हृदयाला हातभार लावतो. त्याने रक्ताभिसरण मिनिटाला साधारण अर्धा ते एक लिटर वाढतं, त्याहून फार नाही. म्हणजे हृदयात थोडीफार ताकद शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग होतो.

फुगा लांबट, काकडीसारखा असतो. रुग्णाच्या उंचीप्रमाणे बहुधा ३४ किंवा ४० मिलिलिटरचा घेतात. मांडीच्या धमनीतून तो महाधमनीत सरकवतात. त्याचं वरचं टोक डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली हवं आणि खालचं टोक मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर. हृदयाने रक्त फेकलं, महाधमनीची झडप मिटली, की लगेच फुगा फुगतो. त्या दाबाने रक्त मागे हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमध्ये शिरतं. डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मुख्यतः याच विसाव्याच्या वेळात मिळतं. पुढचा ठोका पडायच्या ऐन आधी फुगा रिकामा होतो, महाधमनीतला दाब झटकन उतरतो आणि हृदयाला कमी जोर लावून रक्त बाहेर टाकता येतं.

सगळी मदार वेळेवर आहे. पंप १:२ वर टाकला, म्हणजे एक ठोका सोडून एक ठोका आधार दिला, की पडद्यावरच्या रक्तदाबाच्या आलेखात फरक डोळ्यांना दिसतो. आधाराच्या ठोक्यात एकाऐवजी दोन शिखरं येतात, दुसरं बहुधा पहिल्यापेक्षा उंच, आणि त्यानंतरची दरी नेहमीपेक्षा खोल. फुगा लवकर फुगला तर झडप अकाली मिटते आणि रक्त आतच राहतं. उशिरा रिकामा झाला तर हृदयाला फुगलेल्या फुग्यावर धडका मारत रक्त ढकलावं लागतं. माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक. ठोके अनियमित किंवा फार जलद असले की हे गणित बिघडतं, म्हणून डॉक्टर आधी लय ताळ्यावर आणायला बघतात.

यामागचा विचार १९५० च्या दशकातला आहे. न्यूयॉर्कचे डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी भौतिकशास्त्रज्ञ भाऊ आर्थर यांच्याबरोबर दाबाची लाट विसाव्याच्या वेळेत सरकवण्यावर काम केलं. महाधमनीत फुगा घालण्याचा प्रयोग १९६२ मध्ये मौलोपौलोस, टोपाझ आणि कॉल्फ यांनी मांडला. कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये तो रुग्णांमध्ये वापरला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला ब्रुकलिनमध्ये एका बाळावर अमेरिकेतलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. ते बाळ काही तासच जगलं. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केलेल्या भारतातल्या पहिल्या प्रत्यारोपणाचंही तेच झालं. कँट्रोविट्झ यांच्या प्रत्यारोपणाचं नाव जास्त झालं, पण माणसं अधिक वाचली ती या फुग्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

आता तुमच्या कामाचं. ज्या पायातून नळी गेली आहे तो पाय वाकवू द्यायचा नाही आणि डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर उचलायची नाही. तो पाय गार पडला, पांढरा दिसला, दुखू लागला किंवा बधिर झाला तर तत्काळ सांगा, कारण रक्त अडलेलं असू शकतं. डाव्या मनगटाची नाडी मंदावली तर फुगा वर सरकल्याची शंका घ्या. लघवी एकाएकी कमी झाली तर खाली सरकल्याची. फुग्यात हेलियम असतो. हलका असल्याने तो बारीक नळीतून क्षणात आत-बाहेर होतो, पण रक्तात चटकन विरघळत नाही. म्हणून गॅसच्या नळीत तांबूस-तपकिरी कण किंवा रक्त दिसलं तर फुगा फाटलाय असं समजून त्याच क्षणी नर्सला हाक मारा. अशा वेळी पंप बंद करून नळी काढावीच लागते. इतर कारणाने पंप थांबला तरी फुगा आत निपचित पडू देत नाहीत, त्यावर गुठळी धरते. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात, म्हणून रक्ततपासणी रोज होते.

आणखी एक खरं सांगायला हवं. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्ये (हृदय कमी पडून अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) हा पंप सरसकट लावल्याने महिन्याभरातले मृत्यू कमी होत नाहीत, असं २०१२ साली सुमारे ६०० रुग्णांच्या चाचणीत दिसलं. प्रतीक्षायादीतल्या रुग्णाची गोष्ट निराळी. तिथे काही दिवस, कधी काही आठवडे निभावून नेणं हाच हेतू असतो. वाट लांबणार असेल तर फुगा काखेजवळच्या धमनीतून घालता येईल का, हे विचारा. मग रुग्ण उठून चालू शकतो आणि स्नायू झिजत नाहीत, प्रत्यारोपणानंतर ते फार कामी येतं.

रक्तदाब टिकवायची औषधं वाढवत न्यावी लागत असतील, लॅक्टेट (अवयवांना ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) चढत असेल, लघवी घटत असेल, तर फुगा पुरा पडत नाहीये. इंपेला (हृदयात नळीतून घालायचा छोटा पंप), एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते फिरवणारं यंत्र) की एलव्हॅड (हृदयाच्या डाव्या कप्प्याला शस्त्रक्रियेने जोडायचा पंप), पुढची पायरी कोणती आणि ती कुठल्या आकड्यावर घ्यायची, हे आजच्या राउंडलाच डॉक्टरांना विचारून ठेवा.