पायाच्या चरांसाठी यंत्र निवडताना

प्रश्न : शेतजमिनीवर एकमजली घर बांधायचे आहे. आराखड्याप्रमाणे पायाचे चर 2 फूट रुंद, 3 फूट खोल आणि एकूण 150 फूट लांब आहेत. वर काळी माती आणि खाली मुरूम आहे. जमिनीकडे जाणारी वाट जेमतेम 8 फूट रुंद आहे. काहींनी जेसीबी सुचवला, काहींनी मिनी एक्स्कॅव्हेटर, तर एकाने पाइपलाइनसाठी वापरतात तो ट्रेंचर. कोणते यंत्र भाड्याने घ्यावे?

उत्तर : ट्रेंचरचा विचार सोडून द्यावा, केबल किंवा नळासाठी लागणारे अरुंद चर तो उत्तम काढतो, परंतु 2 फुटी पायासाठी तो उपयोगाचा नाही. उरलेल्या दोन यंत्रांतील निवड ताकदीवरून करू नये, कारण 3 फूट खोली दोघांनाही किरकोळ आहे. यंत्र जितके मोठे तितके काम स्वस्त, हा समज प्रामुख्याने यंत्रमालकांच्या सोयीचा आहे.

निर्णय बकेटच्या रुंदीवरून करावा. आपल्या चरांचे खोदकाम 900 घनफूट भरते. तेच काम 3 फुटी बकेटने केले, तर ते 1,350 घनफुटांवर जाते, आणि काँक्रीट शटरिंगशिवाय (फळ्यांच्या साच्याशिवाय) थेट चरात ओतायचे असेल तर त्या 450 घनफुटांपैकी जेवढा भाग काँक्रीटच्या थरात येतो, तेवढे काँक्रीट फुकट जाते. म्हणून चौकशी करताना पहिला प्रश्न 2 फुटी किंवा त्याहून अरुंद बकेट मिळेल का, हा असावा.

खोलीच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. बकेटचे दाते तळाची माती सैल करतात, आणि अशा सैल तळावर ओतलेला पाया पुढे असमान खचू शकतो. त्यामुळे शेवटचे 4 ते 6 इंच यंत्राने न काढता कुदळ-फावड्याने काढून तळ साफ करावा, अथवा बिनदातांची बकेट लावून घ्यावी. एखाद्या ठिकाणी खोली जास्त झालीच, तर तेथे माती लोटून पातळी साधू नये. तो खड्डा पीसीसीने (सळईविना साध्या काँक्रीटने) भरावा. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून पाया मुरमातच बसला पाहिजे. 3 फुटांवर मुरूम सर्वत्र लागतो की नाही, हे यंत्र बोलावण्यापूर्वी दोन-तीन चाचणी खड्डे घेऊन पाहावे आणि फरक आढळल्यास अभियंत्याला कळवावे.

जेसीबीचे वजन साडेसात-आठ टन आणि रुंदी सुमारे साडेसात फूट असते. आपल्या वाटेवरून तो अगदी काठोकाठ जाईल आणि माती ओली असल्यास टायर रुततील. 3 टनी मिनी एक्स्कॅव्हेटर साधारण 5 फूट रुंद असतो आणि पट्ट्यांवर चालत असल्याने त्याचा भार जमिनीवर पसरतो. या कारणांनी माझी शिफारस 2 फुटी बकेट लावलेल्या मिनीचीच राहील. मात्र तो ट्रेलरवर आणावा लागतो, तेव्हा वाहतुकीचा खर्च धरूनच दोन्ही भाड्यांची तुलना करावी. खोदलेली माती दूर नेऊन टाकायची असेल, तर जेसीबीच्या पुढच्या लोडरची उणीव मात्र भासेल.

खोदलेली माती सैल होऊन सुमारे सव्वापट जागा व्यापते. ती चराच्या काठापासून निदान 3 फूट दूर टाकावी. फक्की मारताना (चुन्याच्या भुकटीने चरांच्या रेषा आखताना) चरांचा खोदण्याचा क्रमही ठरवावा : आतल्या भिंतींचे चर प्रथम काढून यंत्राने मागे सरकत बाहेर यावे, अन्यथा ते आपल्याच चरांमध्ये अडकते. भिंतींची मध्यरेषा दाखवणाऱ्या खुंट्या चरांपासून इतक्या दूर ठोकाव्यात की बकेट आणि मातीचा ढीग त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

भाडे ठरवताना किमान किती तासांचे पैसे द्यावे लागतील, डिझेल आणि ऑपरेटर भाड्यात धरले आहेत का, आणि मीटर कधीपासून मोजला जाईल, हे लिहून घ्यावे. मुरमाखाली खडक लागण्याची शक्यता दिसली, तर त्याच यंत्राला ब्रेकर (खडक फोडणारा हातोडा) जोडता येतो का, हेही विचारावे. यंत्राचा दिवस काँक्रीटची तारीख निश्चित झाल्यावरच ठरवावा, कारण उघड्या चरात पावसाचे पाणी साचले की तळ मऊ पडतो आणि तो थर पुन्हा हाताने काढावा लागतो.