कॉफी कशी करावी, किती आणि कधी प्यावी: वाचकांचे प्रश्न

कॉफीबद्दल आलेल्या पत्रांचे सरळ दोन गठ्ठे पडले. एकात ‘चव का बिघडते’, दुसऱ्यात ‘तब्येतीला चालते का’. उत्तरं लिहिताना मात्र दोन्हीकडे तेच तीन प्रश्न उलट विचारावे लागले: पावडर किती ग्रॅम, पाणी किती, आणि कप किती वाजता? हे ठाऊक नसेल तर चवीबद्दलही नेमकं सांगता येत नाही आणि तब्येतीबद्दलही.

प्रश्न: स्टीलचा कॉफी फिल्टर आणला आहे. कधी पाच मिनिटांत सगळं पाणी खाली येतं आणि कॉफी पाणचट होते. कधी तासाभरानंतरही पाणी वरच तुंबलेलं. चुकतं कुठे? (वाचक, पुणे)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: पावडरीतून पाणी किती वेगाने झिरपतं. पंधरा ते वीस मिनिटांत थेंबाथेंबाने उतरलं तर डिकॉक्शन, म्हणजे खाली जमणारा कॉफीचा अर्क, दाट आणि सुवासिक येतं.

दोन कपांसाठी २० ग्रॅम पावडर आणि १२० मिलि पाणी घ्या. पोह्याचे चार सपाट चमचे साधारण तेवढे भरतात, पण घरोघरचे चमचे वेगळे. एकदा वजनकाट्यावर तोलून आपल्या चमच्याचं माप ठरवून टाका. पावडर आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून १२० मिलि ओतलं तर ८० मिलिच्या आसपास खाली येतं. कपाला ४० मिलि डिकॉक्शन आणि १०० ते ११० मिलि गरम दूध हा चांगला मेळ.

वरचं भांडं कोरडं हवं. तळ ओला असला तर पावडर त्याला चिकटते आणि भोकं बुजतात. पावडर घालून भांड्याच्या बाजूला दोनतीन टिचक्या मारा, थर सपाट होईल. आता पावडरीवर बसणारी दांडीची चकती. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. पावडर निव्वळ कॉफीची असेल तर चकती बोटाने जरा दाबून बसवा, नाहीतर पाणी धावत सुटतं. चिकोरी ३०-४० टक्के असेल तर चकती नुसती ठेवा, दाबू नका. चिकोरी पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि वाट अडवते. तुमचा फिल्टर कधी धावतो आणि कधी तुंबतो त्याअर्थी दर वेळी पावडरीचा ब्रँड किंवा हाताचा दाब बदलत असावा.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग आधी फक्त ३० मिलि पाणी चकतीवर गोल फिरवून ओता. अर्धा मिनिट पावडर भिजून फुगू द्या, तिच्यातला वायू निघून जाऊ द्या. उरलेलं पाणी त्यानंतर ओतून झाकण ठेवा. एकदोन मिनिटांत पहिले थेंब पडायला हवेत. थेंबांऐवजी धार लागली तर दळण जाड आहे. चिमटीत चोळून पाहा: पावडर बारीक रव्याहून बारीक लागली पाहिजे, पण मैद्यासारखी गुळगुळीत नको.

तुंबलंच तर चमच्याने ढवळू नका, गाळ भोकांत जाऊन बसेल. आधी वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा. दोन भांडी एकमेकांत घट्ट बसली की खालच्या हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ती पाण्याला खाली येऊ देत नाही. नुसतं उचलल्याने बऱ्याचदा थेंब सुरू होतात. तेवढ्याने भागलं नाही तर चकती किंचित वर उचला.

त्यानेही काम झालं नाही तर भोकं बुजली आहेत. वरचं रिकामं भांडं उजेडाकडे धरून पाहा. ज्या भोकांतून उजेड दिसत नाही तिथे जुनी पावडर अडकलेली असते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फिल्टर आहे तिथे भांडं सांडशीत धरून त्याचा तळ मिनिटभर गॅसच्या आचेवर फिरवतात. अडकलेले कण जळतात, आणि भांडं थंड झाल्यावर टिचकी मारली की झडून पडतात. स्टीलला निळसर झाक येते, तिने काही बिघडत नाही. आच नको असेल तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून भांडं दहा मिनिटं उकळा. महिन्यातून एकदा हे कराच. कॉफीचं तेल भांड्यावर साचून खवट होतं आणि नव्या पावडरीलाही तो वास लागतो.

उरलेल्या चोथ्यावर दुसरं पाणी ओतण्याची काटकसर सोडा. चांगला अर्क पहिल्याच पाण्यात उतरलेला असतो, मागून येतो तो कडवटपणा. आणि डिकॉक्शन गॅसवर उकळू नका. वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा.

प्रश्न: पाकिटावर ‘कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के’ असं लिहिलेलं आहे. ही भेसळ का? चिकोरी तब्येतीला वाईट का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

भेसळ नाही. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींची टक्केवारी पाकिटावर छापलेली हवी. ती बारीक अक्षरात, बहुधा मागच्या बाजूला असते. विकत घेताना तीच ओळ आधी शोधा.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन अजिबात नसतं. रंग गडद येतो, दाटपणा येतो, किंचित जळक्या साखरेसारखी चव येते. मूळ तब्येतीला वाईट नाही. कुणाकुणाला पोटात वायू धरतो इतकंच. पण ४७ टक्के चिकोरीच्या पाकिटात तुमच्या पैशांत जेमतेम अर्धीच कॉफी येते, हे ध्यानात ठेवून भाव ताडून पाहा. दुधाच्या कॉफीला १५ ते २० टक्के चिकोरी छान लागते. त्याच्या वर गेलं की कॉफीचा वास दबतो, असं आमचं मत आहे.

प्रश्न: हिमोग्लोबिन ९ वर आलं आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी थायरॉईडची गोळीही असते. जेवणानंतर तासाभराने कॉफी घेते, म्हणजे जेवणाशी संबंध येत नाही. बरोबर ना? (वाचक, कोल्हापूर)

नाही, आणि हे नीट समजून घ्या. कॉफीतले पॉलिफेनॉल नावाचे घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबतच्या एका कप कॉफीने लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने ६४ टक्क्यांनी. त्याच अभ्यासात जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने सोबत घेतल्याइतकीच घट झाली. कारण साधं आहे: जेवण तेव्हाही पोटातच असतं.

म्हणून तुमचा कप जेवणाच्या तासभर आधी घ्या, किंवा जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीलाही हेच अंतर. मेथी, नाचणी, डाळी यांतलं लोह याच प्रकारचं, सहज अडणारं असतं. ताटात लिंबू पिळलं तर शोषण वाढतं.

थायरॉईडची गोळी फक्त पाण्याबरोबर, उपाशीपोटी. तिच्यानंतर कॉफीला निदान अर्धा तास, शक्यतो एक तास थांबा. गोळी गिळून लगेच कॉफी घेतली तर गोळी कमी शोषली जाते, तपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आकडा) चढलेलं दिसतं आणि विनाकारण डोस वाढवला जातो. आतापर्यंत लगेच घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं असं वाचलं. सोडून द्यावी का? (वाचक, डोंबिवली)

कशी करता त्यावर आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवतो. कागदी फिल्टर तो जवळपास सगळा अडवतो. पावडर पाण्यात उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीत किंवा फ्रेंच प्रेसमध्ये तो सर्वांत जास्त उतरतो. स्टीलच्या फिल्टरमध्ये पावडरीचा थर थोडा अडवतो, सगळा नाही. इन्स्टंटमध्ये नगण्य असतो. एलडीएल चढलेलं असेल आणि रोज तीनचार कप होत असतील तर कागदी फिल्टरवर या: १५ ग्रॅम पावडर, २४० मिलि पाणी, तीन मिनिटं. आणि दूध सायीचं आहे का, तेही बघा.

प्रश्न: कॉफीने कॅन्सर होतो का? (वाचक, लातूर)

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासंदर्भात कॉफीला ‘संभाव्य’ गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये अधिक पुरावे पाहून तिला त्या गटातून काढलं. त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी ‘बहुधा कारणीभूत’ ठरवलं, मग पेय कोणतंही असो. कप हातात आल्यावर चार मिनिटं थांबा, बशीत ओतलीत तरी चालेल.

प्रश्न: मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. रात्री ११ ला मोठा मग कॉफी घेतो आणि म्हणतो, ‘मला कॉफीने झोप जात नाही.’ (वाचक, नागपूर)

झोप लागत असेल, पण उथळ लागते. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि आपल्याला झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री ११ ला १०० मिलिग्रॅम घेतलं तर पहाटे ४ लाही ५० उरलेलं असतं, म्हणजे एका कप चहाएवढं. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी तासाभराहून जास्त झोप कमी झाली. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच, म्हणून हा व्यवहार तोट्याचा.

शेवटचा कप दुपारी ३ च्या आत. पण एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर १२ ते २४ तासांत डोकं ठणकू लागतं आणि हा त्रास आठवडाभरही राहू शकतो. (कडक उपवासाच्या दिवशी दुपारनंतर दुखणारं डोकं बऱ्याच घरांत ‘पित्ता’च्या नावावर जातं, अनेकदा ते चुकलेल्या कॉफी-चहाचं असतं.) दर तीन दिवसांनी पावडर पाव चमचा कमी करत आणा.

प्रश्न: गरोदरपणाचा चौथा महिना आहे. कॉफी पूर्ण बंद करायची का? (वाचक, वसई)

कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. चहा त्यातच मोजायचा. वर सांगितलेल्या मापाच्या फिल्टर कॉफीच्या एका कपात साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, इन्स्टंटच्या सपाट चहाच्या चमच्यात ६० च्या आसपास. म्हणजे फिल्टरचा एक कप आणि चहाचा एक कप, इथे थांबा. गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार सावकाश जातं, शेवटच्या महिन्यांत तर निम्मं जायलाच पंधरा तासही लागतात, म्हणून कप सकाळीच घ्या. इतर निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

प्रश्न: चिकमगळूरहून भाजलेल्या बिया आणल्या. ग्राइंडर नाही. मिक्सरवर दळल्या तर कॉफी एकाच वेळी आंबूसही लागते आणि कडूही! (वाचक, सांगली)

तुमची जीभ अचूक आहे. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. त्यामुळे भुगाही होतो आणि जाड तुकडेही राहतात. तुकड्यांतून अर्क अर्धवट उतरतो तो आंबूस, भुग्यातून जास्त उतरतो तो कडू. चटणीच्या भांड्यात फक्त ३० ग्रॅम बिया घ्या. तीनतीन सेकंदांचे आठदहा झटके द्या, मध्ये भांडं हलवा आणि हात लावून पाहा: भांडं गरम लागलं तर थांबा, कारण वास तिथेच उडून जातोय. मग पिठाच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेले तुकडे पुन्हा फिरवा. मसाल्याचं भांडं वापरू नका. धणे-जिऱ्याचा वास धुऊनही जात नाही.

उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या फडताळात. रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर दर वेळी आत दव धरतं.

प्रश्न: जायफळाची कॉफी लग्नाघरी लागते तशी घरी का होत नाही? (वाचक, नाशिक)

बहुधा तुम्ही पावडर दुधातच उकळता. दुधात अर्क नीट उतरत नाही, म्हणून आपण जास्त वेळ उकळतो आणि कडू करतो. दोन कपांना १०० मिलि पाणी आणि दोन चमचे साखर उकळा, गॅस बंद करा, १५ ग्रॅम पावडर घालून ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. दुसरीकडे २०० मिलि दुधाला एकच उकळी आणा. अर्क कपड्याने किंवा बारीक गाळणीने दुधात गाळा. जायफळ अगदी शेवटी, किसणीवर दोनदा फिरवून, कपात. आधी घातलं तर वास वाफेबरोबर जातो आणि मागे तुरटपणा राहतो. हात मात्र आखडता ठेवा: पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखादं लहान अख्खं जायफळ पोटात गेलं तर छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भास होण्यापर्यंत मजल जाते. चिमटीएवढ्याने काही होत नाही.