पिशव्या बंद झाल्या, पण जेवणही बंद झाले

"ताई, मी माझ्याच हातानं बाळाला विष भरवलं का?" न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये माझ्यासोबतच्या ऑनलाइन समुपदेशन सत्राच्या सुरुवातीलाच हा प्रश्न विचारला. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आदल्याच महिन्यात अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पिशव्यांत शिसे आढळले होते आणि ते दालचिनीतून आल्याचे पुढे उघड झाले. तिच्या ओट्यावर सहा पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवरचा लॉट क्रमांक ती मला वाचून दाखवत होती. त्यांपैकी एकही परत मागवलेल्या मालाच्या यादीत नव्हती. हे ठाऊक असूनही ती पुन्हा पहिल्या पिशवीपासून वाचू लागली, तेव्हा मी मध्येच विचारले, "आज बाळानं काय खाल्लं?"

ती गप्प झाली. अकरा महिन्यांचा तो मुलगा नऊ दिवस केवळ अंगावरच्या दुधावर होता. भात, भाज्या, लोहयुक्त सिरीयल, सगळे तिने भीतीपोटी थांबवले होते. मला खरी काळजी वाटली ती इथे, कारण या वयात नुसत्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही आणि शरीरात लोह कमी पडले की शिसे अधिक शोषले जाते.

"काही होणार नाही," असे मी तिला म्हटले नाही. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, त्यामुळे ते म्हणणे खोटे ठरले असते. बालरोगतज्ज्ञांकडून रक्ततपासणी करून घ्यावी आणि त्याच दिवशी जेवण पुन्हा सुरू करावे, एवढेच आम्ही ठरवले. अहवालातील आकडा 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या तिथल्या संदर्भपातळीच्या, म्हणजे रक्तातले शिसे जास्त मानण्याच्या मर्यादेच्या, बराच खाली आला.

तरीही अपराधीपणा गेला नाही. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणत होत्या, "घरचं केलं असतंस तर ही वेळ आली नसती." पण तांदूळ जमिनीतून आणि पाण्यातून आर्सेनिक हा शिशासारखाच विषारी घटक शोषतो, मग तो कारखान्यात शिजो की घरात. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात ते कमी होते, मात्र काढून टाकलेल्या पेजेत उतरते, आणि आपल्याकडे बाळाला नेमकी पेजच भरवतात. हे ऐकल्यावर सासूबाईंचा सूर मवाळ झाला, असे तिने पुढच्या वेळी सांगितले. भाताच्या जोडीला ओट्स, नाचणी, मसुराची डाळ असे आलटूनपालटून द्यायचे, हे सासू-सुनेने मिळून ठरवले होते.

शिसे ना चवीला कळते, ना वासाला. आईने कितीही जिवापाड जपले तरी तिला ते ओळखता येणार नाही. ते शोधण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे. कॅलिफोर्नियात त्याच ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याने बाळांच्या अन्नाची दरमहा शिसे, आर्सेनिक अशा जड धातूंसाठी चाचणी करणे जानेवारी 2024 पासून उत्पादकांना बंधनकारक केले. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा चिडली. "मग हे इतकी वर्षं का नव्हतं?" तिने विचारले. मला तो राग तिच्या रडण्यापेक्षा फार निरोगी वाटला, आणि उरलेले सत्र आम्ही त्यावरच बोललो.