कोल्हापुरात ८ नवख्यांना पहिल्यांदा एमटीबीवर (माउंटन बाइकवर) कच्च्या वाटेनं न्यायचंय. कुठं न्यावं, काय शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले ८ जण, सगळ्यांकडं जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली, पण रंकाळ्याच्या फेरीपलीकडं कुणाची मजल गेलेली नाही. पुढं तुम्ही असणार. तर या रविवारी सगळ्यांना पन्हाळा करून मसाई पठारावर न्यावं का?

पहिल्या वेळी नेऊ नका. शहरातून पन्हाळा २० किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण ४०० मीटरचा आणि तोही डांबरी घाटाचा. मसाई पठार त्याच्याही पुढं. कच्ची वाट सुरू होईल तोवर निम्म्या लोकांच्या मांड्या भरून आलेल्या असतील, आणि माणूस दमला की त्याचा ब्रेकचा अंदाज सगळ्यात आधी चुकतो. जोतिबाचंही तेच. शिवाय रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी घाटात गाड्यांची रीघ असते. माझ्या मते पहिल्या दिवशी नवख्याला एकच गोष्ट यायला हवी: मुरमाच्या उतारावर सायकल हव्या त्या जागी थांबवणं. चढायचं कसं ते पाय हळूहळू शिकतात. थांबता येत नसेल तर मात्र माणूस पहिल्याच उतारावर पडतो, आणि असा पडलेला माणूस पुन्हा सहसा येत नाही.

वाट १० ते १२ किलोमीटरची पुरे. एकूण चढ १०० ते १५० मीटर, थांबण्यासकट वेळ अडीच तास. चढ सुरुवातीला, पाय ताजे असताना घ्या. उतार मध्ये येऊ द्या आणि शेवटचे २-३ किलोमीटर सपाट ठेवा. वाटेवरच्या कुठल्याही जागेपासून डांबरी रस्ता किलोमीटरभरात गाठता आला पाहिजे, म्हणजे एखाद्याला परत पाठवायची किंवा गाडी बोलवायची वेळ आली तर अडचण होत नाही.

आपल्याकडं जमीन तीन तऱ्हेची आहे आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. पंचगंगेच्या काठची काळी माती वाळलेली असेल तर गाडीवाट छान चालते, पण पाऊस पडला किंवा उसाचं पाणी वाटेवर आलं की ती टायरला थापली जाते आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, गच्च बसून चाक फिरेनासं होतं. टेकड्यांवरचा मुरूम लवकर निचरतो. शिकवायला हीच जमीन बरी, म्हणून कळंब्याच्या पुढं कात्यायनीच्या टेकड्यांचा पायथा मी आधी बघेन. तिसरा जांभा, पन्हाळा-मसाईच्या माथ्यावरचा. कोरडा असेल तर टायर त्याला चिकटून चालतो, ओला आणि शेवाळलेला असेल तर पाय ठेवला तरी घसरतो. जून ते सप्टेंबर नवख्यांना कच्च्यावर नेऊच नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात न्यायचंच असेल तर साडेनऊच्या आत घरी परत.

वाट आधी स्वतः फिरून या, आणि तीही दोनच दिवस आधी. महिन्यापूर्वी बघितलेली वाट धरून चालू नका. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आठवड्यात चाकोरी खोल करतात. नवख्याचं पुढचं चाक चाकोरीत गेलं की तो हँडल वळवून बाहेर काढायला जातो, चाक कडेला घासतं आणि तो आडवा होतो. चाकोरीत गेलात तर तिच्यातूनच सरळ चालवा, कड उतरलेली दिसली की बाहेर या, हे आधीच सांगून ठेवा. दुसरी भानगड पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची. वाटेवर पसरलेल्या पाचटाखाली दगड दिसत नाही, आणि लांब पात मागच्या गिअरमध्ये गुंडाळली गेली की डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ओढला जाऊन तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकतो. तिथं उतरून ५० पावलं चाला. बांधावरून सायकल घालू नका. खाजगी रानातून वाट जात असेल तर आधी मालकाला विचारा, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

आता सायकली. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या एका जागी मागवा, सकाळी वेळ पुरत नाही. प्रत्येक सायकलीला ५ मिनिटं द्या. पुढच्या चाकाचा क्विक रिलीज लिव्हर (पान्याशिवाय चाक काढता-घालता येणारा दांडा) बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका घट्ट असावा. नुसता गोल फिरवून आवळलेला लिव्हर ही नवीन सायकलींवर नेहमी दिसणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवा, हँडलपाशी खटखट आली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. मागचं चाक उचलून गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाका आणि डिरेलर आऱ्यांना लागत नाही ना ते मागून बघा. लागत असेल तर ती सायकल कच्च्यावर येणार नाही, कारण चढावर नेमका हाच गिअर पडतो आणि डिरेलर चाकात जातो. ब्रेक पॅड कोरे असतील तर सपाट रस्त्यावर जोरात नेऊन चालण्याच्या वेगापर्यंत आणायची, पूर्ण न थांबवता, असं २० वेळा करा. त्याआधी डिस्क ब्रेक नीट धरत नाहीत. कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे तेही प्रत्येकाकडून दाबून घ्या. आपल्याकडं बहुतेक सायकलींना तो उजवीकडं असतो, पण काहींना डावीकडं निघतो, आणि मित्राची मागून आणलेली सायकल इथंच दगा देते.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बरीच पंक्चरं आणि बऱ्याच घसरण्या इथून येतात. दुकानात टायर दगडासारखा टणक करून देतात. डांबरावर ते ठीक, पण मुरमावर असा टायर खडीवरून उड्या मारतो आणि धरत नाही. टायर २.१ किंवा २.२ इंची, आत ट्यूब आणि माणूस ६५-७० किलोचा असेल तर पुढं २८ आणि मागं ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. ८५ किलोच्या माणसाला दोन्हीकडं ४ वाढवा, ५० किलोच्या मुलीला ४ कमी करा. टायरच्या बाजूवर कमीत कमी आकडा छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. फार कमी केली तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सर्पदंशासारखी. अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, पुढच्या वेळी हवा वाढवा. पेट्रोल पंपावरच्या मीटरचा एवढ्या कमी दाबावर भरवसा नाही, गेजवाला पायपंप आणा.

सीट किती उंच? पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ: ही नेहमीची उंची. पहिल्या राइडला त्याहून २-३ सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे घाबरला तर पाय जमिनीला लागतो. मोठ्या उताराआधी थांबून अजून ४-५ सेंटिमीटर खाली घ्या, खाली पोचल्यावर परत वर.

राइडच्या आधी मैदानावर ४० मिनिटं द्या. हा भाग घाईत उरकला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पहिलं, उभं राहणं. दोन्ही पॅडल एका पातळीत, वजन पायांवर, कंबर सीटवरून उचललेली, गुडघे आणि कोपर मोडलेले, ब्रेकवर प्रत्येकी एक बोट, बाकी बोटं मुठीला. केबलचा ब्रेक जड असेल तर दोन बोटं. नजर चाकासमोर नको, ८-१० मीटर पुढं. नजर दगडावर खिळली की सायकल दगडावरच जाते.

मग ब्रेक. जमिनीवर रेघ ओढा. पळण्याच्या वेगानं येऊन रेघेवर फक्त मागचा ब्रेक लावायला सांगा आणि सायकल किती पावलं पुढं गेली ते मोजा. मग हलकेच, हळूहळू वाढवत फक्त पुढचा. मग दोन्ही. फरक त्यांच्याच पावलांनी मोजला जातो, त्यामुळं पटवून द्यावं लागत नाही. ब्रेक लावताना वजन पुढं सरकतं, म्हणून पुढचं चाक जास्त धरतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. ‘पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो’ ही भीती लहानपणापासूनची. उलटतो तो झटक्यात दाबल्यामुळं आणि हात ताठ ठेवल्यामुळं. टाचा खाली, कंबर थोडी मागं आणि लिव्हर लिंबू पिळल्यासारखा दाबायचा. प्रत्येकाकडून १० वेळा करून घ्या. जो दहाव्या वेळीही मागचं चाक फरफटवतो त्याला राइडमध्ये तुमच्या लगेच मागं ठेवा.

त्यानंतर वळण: ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात सोडायचा. मुरमावर वळता-वळता पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निघून जातं, सावरायला वेळ मिळत नाही. शेवटी गिअर. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाकायचा. चढात पूर्ण जोर देऊन गिअर बदलला की चेन पडते किंवा तुटते. चढात बंद पडलेल्याला पुन्हा निघता येत नाही. त्याला सायकल वाटेला तिरकी करायला लावा, ब्रेक धरून वरच्या पॅडलवर जोर द्यायचा आणि मगच ब्रेक सोडायचा.

वाटेवर दोघं जाणकार लागतात. तुम्ही पुढं, दुसरा सगळ्यांच्या मागं, आणि त्या मागच्यानं कुणालाही ओलांडायचं नाही. ८ च्या वर माणसं असतील तर दोन तुकड्या करा. प्रत्येक फाट्यावर तुम्ही थांबायचं, शेवटचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. आणि तो पोचल्या-पोचल्या ‘चला’ म्हणू नका. पुढच्यांची विश्रांती झालेली असते, त्या बिचाऱ्याला श्वासही घेता आलेला नसतो. तो पोचल्यापासून ३ मिनिटं मोजा. वेग त्याचाच धरायचा, तो बोलू शकतोय इतपत. सपाटीला दोन सायकलींत ५ मीटर, उताराला १५ मीटर अंतर. उतारावर एकेकाला सोडा. जागा अवघड वाटली तर तुम्ही स्वतः पहिल्यांदा उतरा आणि सायकल हातात धरून चाला. मग बाकीच्यांना उतरायला संकोच वाटत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका: दाबा, वेग आणा, सोडा. खाली पोचल्यावर ब्रेकच्या डिस्कला हात लावू देऊ नका, चांगलीच भाजते.

पंक्चर होणारच, आपल्याकडं बाभळीचे काटे आणि सराटे कुठंही असतात. मागच्या माणसाकडं प्रत्येक मापाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, जाड-बारीक दोन्ही तऱ्हेच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप, चेन टूल (चेनची पिन काढायला), क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि अॅलन की. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, काटा तिथंच रुतून बसलेला असतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचा) ब्रेक असेल तर सायकल उलटी न करता डाव्या अंगावर आडवी करा, आणि चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

हेल्मेटशिवाय कुणालाही घेऊ नका, ओळखीचा असला तरी. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटं असावी, आणि हनुवटीखाली दोन बोटं बसतील इतका पट्टा आवळावा. तासाला अर्धा लिटर पाणी, खिशात केळं आणि गूळ-शेंगदाणे. मिसळ राइडनंतर. पडल्यावर डोक्याला मार असेल, उलटी होत असेल किंवा माणूस तेच-तेच विचारत असेल तर राइड तिथंच थांबवा आणि १०८ लावा. पहाटे डांबरावर जाताना मागचा लाल दिवा लावा, उसाच्या ट्रॉल्या त्याच वेळी रस्त्यावर असतात.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारा, काय दुखतंय. तळवे आणि मनगटाच्या वरचा भाग दुखत असेल तर ब्रेक आणि मूठ पूर्ण वेळ आवळून धरलेली होती. त्याला पुन्हा मैदानावरच्या रेघेपाशी आणा. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट खाली होती किंवा जड गिअरनं चढला. गुडघ्याची मागची बाजू दुखत असेल तर सीट उंच. ही दुरुस्ती करून त्याच वाटेनं दुसरी राइड करा. ज्या दिवशी त्या उतारावर आठही जण मागचं चाक न फरफटवता ठरलेल्या दगडापाशी थांबतील, त्याच्या पुढच्या रविवारी मसाई पठार. सायकली टेम्पोत घालून वर न्या, म्हणजे पाय ताजे राहतील, आणि फुलांच्या दिवसांत मळलेली वाट सोडून चाक घालू देऊ नका.