आईचा सत्तरावा, हाय टी आणि बशी

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आईला ७० पूर्ण होताहेत. भाऊ मुंबईत असतो, तो म्हणतो सगळे इकडेच या, ताजच्या सी लाउंजमधे हाय टी करू, खिडकीतून गेटवे दिसतो वगैरे. आई चहा बशीत ओतून पिते, अंडं खात नाही आणि भावाची मुलं हसतील अशी मला धास्ती. नेऊ की घरीच शेवभाजी-पोळी करू? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : न्या हो, बिनधास्त न्या! फक्त सकाळच्या गाडीनं जाऊन लगेच टेबलावर बसायचं असं नको, सहा-सात तासांच्या प्रवासानंतर सत्तरीच्या बाईला चहा नाही, पाठ टेकायला जागा हवी असते. आदल्या दिवशी पोचा.

आता ते हाय टी. आपल्याकडची हॉटेलं म्हणतात म्हणून म्हणायचं, नाहीतर इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं दणकून जेवण. नाजूक सँडविच, स्कोन, केकवाला तो आफ्टरनून टी, १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंनी सुरू केला म्हणतात, कारण रात्रीचं जेवण उशिरा आणि मधे पोटात कावळे. तीनमजली स्टँड आला तर खालून वर खात जायचं, गोड शेवटी. स्कोन म्हणजे पाव आणि नानकटाईच्या मधलं काहीतरी, त्यावर आधी क्रीम की आधी जॅम यावरून इंग्लंडातले डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात, आपण भरीत लाकडी बडगीत ठेचायचं की हातानं कालवायचं यावरून भांडतो तसेच.

अंड्याचं मात्र बुकिंग करतानाच सांगा, केकचं तर सांगाच पण सँडविचमधल्या मेयोनीजचंही विचारा, तिथंच लोक फसतात. दुपारी जेवण हलकं ठेवा नाहीतर सगळं बघूनच पोट भरतं.

आणि बशी! अहो साहेबलोकसुद्धा एकेकाळी बशीत ओतून चहा प्यायचे, हे भावाच्या मुलांना आधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाई धुळ्याच्या, एकदा त्यांना अशाच एका हॉटेलात नेलं तर वेटरनं गरम पाण्याची किटली, दोऱ्याची पुडी, वाटीभर दूध आणि साखरेचे चौकोन असं सगळं वेगवेगळं मांडलं. त्या बराच वेळ बघत बसल्या नि म्हणाल्या, "हाऊ चहा नही, हाई चहानं सामान शे." मग आलं घालून उकळलेला मागवला, बशीत ओतला, फुंकर मारून साय कडेला सारली आणि भुर्रकन प्यायल्या, शेजारच्या टेबलावरच्या एक आजी बघत होत्या, त्यांनीही हळूच आपला कप बशीत रिकामा केला. तर वेटरला उकळलेल्या चहाचं आधीच सांगा.

शेवभाजी भुसावळला परतल्यावर, रविवारी करा. आईला मात्र करायला लावू नका.