तळटीपांतून चर्चासत्र शोधा

प्रश्न : मॅडम, मी मराठीत पीएच.डी. करते. विषय जात्यावरच्या ओव्या. व्हॉट्सॲपवर रोज चर्चासत्रांची पत्रकं येतात : दीड हजार भरा, प्रमाणपत्र आणि आयएसबीएन (पुस्तकाची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांकाचं पुस्तक मिळेल. चर्चासत्रांत दोन निबंध वाचल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत म्हणतात. कुठं जाऊ?
– संशोधक विद्यार्थिनी, जि. परभणी

उत्तर : आधी तो दोन निबंधांचा धाक मनातून काढा. ती अट यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांत होती. २०२२ च्या नियमांत ती राहिली नाही. तुमच्या विद्यापीठानं स्वतःची काही अट ठेवली आहे का, तेवढं विभागात विचारून घ्या.

पत्रक हातात आलं की तारीख बघण्याआधी विषय बघा. भाषा, वाणिज्य, विज्ञान, पर्यावरण सगळं एकाच मांडवात असेल तर ते तिथंच सोडा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा एका ठिकाणी गेले होते. रात्रीची एसटी, पिशवीत हातानं लिहिलेली तेरा पानं. दुपारच्या सत्रात एकवीस जण वाचणारे. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "दोन मिनिटांत सारांश सांगा." समोरच्या खुर्च्या रिकाम्या, सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत. एकानंही प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चांगल्या ठिकाणी आधी गोषवारा मागतात, तो वाचतात, कधी नाकारतातही. निवडीआधी पैसे मागत नाहीत.

अशी ठिकाणं तुमच्याच टेबलावर सापडतील. ज्यांचे लेख तुम्ही वापरता त्यांच्या पहिल्या पानाची तळटीप बघा. 'अमुक चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाचं विस्तारित रूप' असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. ती नावं वहीत उतरवत चला. दहा-पंधरा झाली की तीच ती परत यायला लागतात. तिथं अर्ज करा. आणि मराठी विभागांपुरतं थांबू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी लाखावर ओव्या गोळा केल्या; त्यांवर समाजशास्त्र, संगीत, स्त्री-अभ्यासातली माणसंही काम करतात. साहित्य अकादमीच्या मुंबई कार्यालयाचे कार्यक्रम बघत जा. इंग्रजीत लिहिणार असाल तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा इंग्रजी विभाग परिषदांसाठी निबंध मागवणाऱ्या आवाहनांची यादी चालवतो. ती फुकट आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या परिषदांचा वेगळा विभाग आहे.

गोषवाऱ्याची सुरुवात एखाद्या ओवीनं करा. ती कुणी म्हटली, कुठल्या गावात, तेही लिहा. पाठवण्याआधी मला दाखवा, मी वाचीन.