रेडिएशनच्या सॅम्पलना बारकोड लावला की ट्रॅकिंग ऑटोमॅटिक झालं असं म्हणता येईल का?

तुमचं म्हणणं असं की लॅबमध्ये पाणी, माती, दूध, मासे रेडिओॲक्टिव्हिटी तपासायला येतात, सगळं रजिस्टर आणि एक्सेलवर चालतं, आणि साहेब म्हणतायत बारकोड प्रिंटर घेऊ, झालं ऑटोमेशन. नाही हो, तेवढ्याने नाही होत. मी एका टेस्टिंग लॅबमध्ये सॅम्पल रूम आणि तिथलं सॉफ्टवेअर बघतो म्हणून सांगतो, बारकोडमुळे बाटली कुठल्या फ्रीजमध्ये आहे ते कळतं, आणि खरं सांगायचं तर बाटली हरवणं हा आपल्याकडे फार मोठा प्रॉब्लेम नसतोच, उशिरा का होईना सापडते. गडबड होते ती तारीख, वजन आणि सॅम्पलचे तुकडे यांची, आणि ती रिपोर्ट बघून कुणाला कळत पण नाही.

आधी तारीख घ्या. आपण जो आकडा देतो तो सॅम्पल गोळा केला त्या वेळचा असतो, मशीनवर मोजला त्या वेळचा नाही, मधल्या काळात जेवढं क्षय पावलं ते हिशोबात परत धरावं लागतं. आयोडीन-131 ची हाफ लाइफ (म्हणजे निम्मं क्षय पावायला लागणारा वेळ) 8 दिवस. आता समजा फील्डवरच्या पोराने 5 जूनचा सॅम्पल 5/6 असा लिहिला आणि कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर आहे, त्याने तो 6 मे धरला, म्हणजे 30 दिवसांचा फरक, म्हणजे आयोडीनचा आकडा सुमारे 13 पट जास्त येणार! आणि गंमत अशी की त्याच सॅम्पलमधल्या सीझियम-137 ला (हाफ लाइफ 30 वर्षं) 0.2 टक्के पण फरक पडत नाही, त्यामुळे वर्षभर फक्त सीझियमच बघणाऱ्या लॅबला आपल्या तारखा चुकतायत याचा पत्ताच लागत नाही, आणि ज्या दिवशी खरंच आयोडीन शोधायची वेळ येते त्याच दिवशी सगळे तोंडघशी पडतात. म्हणून तारीख कुणी हाताने टाइपच करायची नाही, फील्डवर मोबाइलवर स्कॅन केलं की वेळ आणि जीपीएस आपोआप चढलं पाहिजे. माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा ही, प्रिंटर नंतर.

वजनाचं पण तसंच. पालकात 90 टक्क्यांच्या वर पाणी, त्यामुळे बेकरेल पर किलो (किलोमागे रेडिओॲक्टिव्हिटी किती ते सांगणारा आकडा) हे ओल्या भाजीचं की वाळवलेल्या हे लिहिलं नसेल तर आकडा दहापट इकडेतिकडे होतो. तराजू थेट सिस्टीमला जोडा आणि ओलं, सुकं, राख अशी तीन वेगळे खाने ठेवा, विषय संपला.

आता तुकडे. एकच पाण्याचा सॅम्पल आला की त्याच्या दोन बाटल्या होतात, सीझियमवाल्या बाटलीत नायट्रिक ॲसिड टाकतात म्हणजे ते बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही, पण ट्रिटियमच्या (रेडिओॲक्टिव्ह हायड्रोजनच्या) बाटलीत ॲसिड घालायचं नाही. दुधाचा एक भाग मॅरिनेली बीकरमध्ये (डिटेक्टरवर टोपीसारखं बसणारं भांडं) भरून जर्मेनियम डिटेक्टरवर (गॅमा किरण मोजणारं मशीन) जातो, दुसरा स्ट्रॉन्शियम-90 साठी वाळवून भट्टीत राख करायला. आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण भट्टी 450 डिग्रीची, तुमचा महागडा स्टिकर त्यात टिकणार कसा? ओव्हनमध्ये 110 डिग्रीलाच साधं थर्मल लेबल काळं ठिक्कर पडतं (दुकानातल्या बिलाचा कागद, तोच तो). म्हणजे नेमक्या त्या दोन-तीन दिवसांत सॅम्पलची ओळख फक्त क्रुसिबलवरच्या (भट्टीत ठेवायच्या भांड्यावरच्या) नंबरावर असते आणि तो नंबर टेक्निशियनच्या वहीत! त्यामुळे क्रुसिबलला स्वतःचा कायमचा नंबर द्या, भट्टीत घालताना आणि काढताना सॅम्पल-क्रुसिबल अशी जोडी सिस्टीममध्ये टाकायला लावा, आणि जोडी नसेल तर पुढची स्टेप उघडूच देऊ नका. लोक चार दिवस शिव्या घालतील, घालू द्या.

अजून एक, चांगली सिस्टीम सॅम्पल कुठे आहे एवढंच नाही तर आत्ता मोजायचा नाही हे पण सांगते. हवेचा फिल्टर काढल्या काढल्या मोजला तर त्यात रेडॉन आणि थोरॉन या हवेतल्या रेडिओॲक्टिव्ह वायूंची पिल्लावळच (त्यांच्या क्षयातून बनलेले पदार्थ) दिसते, ती नैसर्गिक आहे, काही दिवस थांबलं की जाते. स्ट्रॉन्शियमला उलटं, वेगळं काढल्यावर त्याच्या क्षयातून यिट्रियम-90 (ज्यावरून स्ट्रॉन्शियमचा आकडा काढतात) पुरेसं तयार व्हायला साधारण दोन आठवडे थांबतात. हे 'होल्ड' सिस्टीमने स्वतः लावायचं, माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडायचं नाही.

मोठ्या प्रमाणावर हे बघायचं असेल तर फुकुशिमाचा तांदूळ बघा. 2011 च्या अपघातानंतर 2012 पासून त्या प्रांतातलं प्रत्येक 30 किलोचं पोतं, प्रत्येक म्हणजे वर्षाला सुमारे एक कोटी पोती, बारकोड लावून बेल्टवरून डिटेक्टरखालून जायचं, लिमिट 100 बेकरेल पर किलो, संशयास्पद पोतं बाजूला काढून जर्मेनियम डिटेक्टरवर. पहिल्या वर्षी 71 पोती लिमिटच्या वर निघाली, 2013 ला 28, 2014 ला 2, आणि 2015 पासून शून्य. पास झालेल्या पोत्यावर नंबर असायचा, गिऱ्हाईक तो इंटरनेटवर टाकून निकाल बघू शकायचं. आता बहुतेक भागात नमुना तपासणीच करतात. पण तिथे काम सोपं होतं हे लक्षात घ्या, पोतं फोडायचं नव्हतं, जाळायचं नव्हतं, आत गेलं तेच पोतं बाहेर आलं. आपल्या दुधाचं तसं नाही.

आणि कृपा करून रिझल्टच्या खान्यात 'सापडलं नाही' ला 0 लिहू देऊ नका. डिटेक्टरची त्या दिवशीची किमान मर्यादा जी असेल ती लिहा, अमुक आकड्यापेक्षा कमी असं. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांजवळ बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात, आणि प्लांट सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून माती-पाणी-मासे मोजायला घेतात, कारण जुन्या अणुचाचण्यांचं सीझियम मातीत आधीच असतं, आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडून बघणार? तुमच्या एक्सेलमध्ये मागच्या दहा वर्षांची शून्यं असतील तर ती असून नसल्यासारखीच.

एक्सेल पुरेल का म्हणाल तर महिन्याला थोडेच सॅम्पल असतील तर पुरेल, फक्त तारखेचा फॉरमॅट लॉक करा आणि कोणी काय बदललं ते दिसेल अशी सोय ठेवा, एक्सेलमध्ये मुख्य अडचण तीच आहे. प्रिंटर घ्यायचाच असेल तर रिबनवाला, थर्मल ट्रान्सफर घ्या, आणि लेबलं फ्रीजरची मागा, माशांच्या पिशव्यांवरून साधी लेबलं गळून पडतात.